रिपोर्ट मोबाइलवर आला, पण म्हणजे नेमकं काय?

स्लाऊतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पूर्वी ठरलेले प्रश्न यायचे. गणपतीची मूर्ती कुठे मिळेल, पुढच्या आठवड्यात पुण्याहून कोणी येतंय का, एका खोलीसाठी चांगला भाडेकरू आहे का. गेल्या दोन वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. एनएचएस अ‍ॅपचा स्क्रीनशॉट येतो, एखाद्या आकड्याशेजारी ‘अ‍ॅबनॉर्मल’ असा शेरा असतो, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ग्रुपवर कोणी डॉक्टर आहे का?’ वेळ बहुतेकदा शुक्रवारी रात्रीची. म्हणजे जीपीचा दवाखाना आता थेट सोमवारी उघडणार.

मी डॉक्टर नाही. रक्ताच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. एवढ्या भांडवलावर असे स्क्रीनशॉट माझ्याकडे वळवले जातात. उपचाराचं मी काहीही सांगत नाही. पण शब्दाचा आणि आकड्याचा अर्थ सांगतो, आणि दर वेळी एक गोष्ट लक्षात येते : घाबरवलेलं असतं ते आजाराने नव्हे, शब्दाने.

हे आत्ताच का वाढलं? इंग्लंडमधल्या जीपी दवाखान्यांना ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदत होती. त्यानंतरच्या नव्या वैद्यकीय नोंदी १६ वर्षांवरच्या रुग्णांना मागणी न करताही अ‍ॅपवर दिसायला हव्यात, असा नियम झाला. डॉक्टरांनी निकाल पाहून नोंदवला की तो आपल्याला दिसतो. पण डॉक्टरांनी पाहणं वेगळं आणि आपल्याला समजावणं वेगळं. जुलै २०२५ मध्ये सरकारने आरोग्यसेवेची दहा वर्षांची योजना जाहीर केली. तिच्यात २०२८ पर्यंत हेच अ‍ॅप एनएचएसचं पुढचं दार होणार असं म्हटलंय. थोडक्यात, हे स्क्रीनशॉट वाढणारच आहेत.

माझं मत विचाराल तर नोंदी खुल्या झाल्या हे उत्तमच झालं. आपल्याला यात नवीन काहीच नाही. भारतात रिपोर्ट पेशंटच्याच हातात असतात. एक्स-रेचं मोठं पाकीट आणि जुन्या चिठ्ठ्यांची प्लॅस्टिकची पिशवी प्रत्येक घरात कपाटावर असते. पण तिथे ती पिशवी घेऊन माणूस त्याच संध्याकाळी डॉक्टरांसमोर बसतो आणि विचारतो, ‘काय आलंय हो?’ इकडे इतकी वर्षं पिशवीच नव्हती, सगळं दवाखान्याच्या संगणकात. आता पिशवी मिळाली, पण समोर डॉक्टर नाहीत.

‘आपल्याला इंग्रजी येतं की, आपल्याला काय अडचण?’ हा आपला लाडका गैरसमज. स्लाऊत आपण बहुतेक आयटी, बँका, विमानतळ असल्या कामांसाठी आलेलो. एलिझाबेथ लाइनने रोज लंडन गाठतो, दिवसभर इंग्रजीतून मीटिंगा करतो. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की इंग्लंडमधल्या १६ ते ६५ वयाच्या ४३ टक्के लोकांना आरोग्याची नेहमीची लेखी माहिती नीट समजून वापरता येत नाही. त्या माहितीत आकडे आले की हे प्रमाण ६१ टक्क्यांवर जातं. यातल्या बहुसंख्यांची मातृभाषा इंग्रजीच आहे! डॉक्टरी इंग्रजी ही निराळीच भाषा आहे. तिच्यातले धोक्याचे शब्द अनोळखी नसतात, उलट फार ओळखीचे वाटतात.

‘क्रॉनिक’ घ्या. आपल्याकडे ‘केस क्रॉनिक आहे’ म्हणजे हाताबाहेर गेलेली. डॉक्टरांच्या लेखी क्रॉनिक म्हणजे फक्त दीर्घकाळ असणारं, जुनाट. सौम्य दमासुद्धा क्रॉनिकच. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेलं. साधी सर्दीही अ‍ॅक्यूट असते आणि हार्ट अटॅकही. किती गंभीर ते या दोन्ही शब्दांतून कळतच नाही, ते फक्त काळाबद्दल बोलतात.

आता याच ‘क्रॉनिक’च्या पुढे किडनी आणि ‘स्टेज ३’ लावा. आमच्या ओळखीच्या एका घरात सत्तरी ओलांडलेल्या काकांच्या नोंदीत ही ओळ आली. मुलगा कॉम्प्युटरमधला मोठा हुशार, पण ‘स्टेज ३’ म्हटल्यावर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली, कॅन्सरची तिसरी स्टेज. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. बाबांना सांगायचं की नाही यावर नवराबायकोचं भांडण, तिकडे सांगलीला बहिणीला फोन, तिचं विमानाचं तिकीट बघणं सुरू. किडनीच्या आजाराच्या पायऱ्या म्हणजे तिची गाळण्याची क्षमता किती उरली याचे टप्पे. ‘ईजीएफआर’ नावाचा आकडा ४५ ते ५९ मध्ये असला की तिसऱ्या पायरीचा पहिला भाग. तोही एकदा आला म्हणून भागत नाही, तीन महिन्यांहून जास्त काळ तसाच राहिला पाहिजे. वय वाढेल तशी ही क्षमता अनेकांची हळूहळू उतरते आणि या टप्प्यावरच्या बहुतेकांना डायलिसिसची वेळ कधीच येत नाही. याचा अर्थ दुर्लक्ष करा असा नाही. बीपी आणि शुगर सांभाळायची, दुखण्यावरच्या काही गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, ठरलेल्या वेळी तपासणी करायची. पण विमानाचं तिकीट काढायची गरज नव्हती.

‘हार्ट फेल्युअर’चं तर विचारूच नका. मराठीत ‘हार्ट फेल’ म्हणजे माणूस गेला. ‘शेजारचे अण्णा हार्ट फेल होऊन गेले,’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे डॉक्टर जेव्हा जिवंत, समोर बसलेल्या आजींना सांगतात की तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे, तेव्हा आजींना वाटतं, आपला निकाल लागला. खरा अर्थ : हृदयाचा पंप कमजोर झालाय, शरीराला हवं तेवढं रक्त तो ढकलू शकत नाही, म्हणून पायावर सूज येते, आडवं झालं की धाप लागते. आजार गंभीर आहे, पण औषधं आहेत आणि ती घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. ‘हृदयाचा पंप दमलाय’ असं मराठीत म्हटलं तर एका वाक्यात काम होतं.

बाकीचे काही पटापट सांगतो. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे स्कॅनमध्ये बोट ठेवण्यासारखं काही नाही, चांगली बातमी! ‘निगेटिव्ह’ हीसुद्धा बहुतेकदा चांगलीच बातमी. ‘लीझन’ म्हणजे आजूबाजूच्यापेक्षा वेगळा दिसणारा कुठलाही भाग. तो डागही असेल, जखमही असेल, गाठच असेल असं नाही. मणक्याच्या एक्स-रेवरच्या ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, झीज. ‘पेशंट डिनाइज चेस्ट पेन’ असं पत्रात वाचून एका ताई भडकल्या होत्या, ‘मी काय खोटं बोलते?’ तसं नाही. छातीत दुखत नाही असं तुम्ही सांगितलंत, एवढंच ते लिहितात. आणि ‘कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट’चा इथल्या राजकीय पक्षाशी काही संबंध नाही. ऑपरेशन न करता औषध, व्यायाम किंवा वाट पाहणं म्हणजे ते.

एक मात्र सावकाश वाचा. कॅन्सरचा संशय म्हणून जीपीने तातडीने पुढे पाठवलं, आणि पत्रावर तसा शब्द दिसला, तर घाबरून अपॉइंटमेंट टाळू नका. अशा पाठवलेल्या १० जणांपैकी ९ हून अधिकांना कॅन्सर निघत नाही. आणि ज्यांना निघतो, त्यांच्यासाठी लवकर जाणं हाच सगळ्यात मोठा फायदा असतो. शब्दाला घाबरून न गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

शब्दांइतकाच घोळ आकड्यांचा, आणि हा खास आपल्यासारख्यांचा घोळ आहे, कारण आपलं अर्धं घर तिकडे आणि अर्धं इकडे. मापंच वेगळी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, एचबीएवनसी, पुण्यात टक्क्यांत सांगतात आणि इथे मिलिमोलमध्ये. तिकडचे ६.५ टक्के म्हणजे इकडचे ४८, आणि दोन्हीकडे डायबेटिसची रेषा हीच. तिकडचे ७ म्हणजे इकडचे ५३. बाबांचे ७ आणि आपले ४५ ऐकून कोणाला वाटेल की आपलं काही खरं नाही. प्रत्यक्षात ४५ म्हणजे सुमारे ६.३, बाबांपेक्षा कमी. आणखी गंमत म्हणजे भारतातल्या अनेक लॅब अमेरिकेचा निकष धरून ५.७ पासूनच ‘प्रीडायबेटिस’ छापतात, इकडे तो ४२ पासून, म्हणजे ६.० पासून मानतात. त्यामुळे ५.८ आलेला माणूस पुण्यात काठावरचा आणि स्लाऊत नॉर्मल! विमानात बसून आजार बरा झाला असं समजू नये, इतकंच.

बोटातून काढलेल्या रक्ताच्या साखरेला १८ ने गुणा किंवा भागा. इकडचे ७ म्हणजे तिकडचे १२६. आईने भारतातून आणलेल्या मशीनवर ११० दिसले आणि इथल्या नर्सला तसेच सांगितले तर ती खुर्चीतून उडेल. इकडच्या भाषेत ते ६.१. कोलेस्टेरॉलचा गुणक साधारण ३९, म्हणजे इकडचे ५ म्हणजे तिकडचे १९०-१९५. हिमोग्लोबिन इकडे १२५ येतं, तिकडचं १२.५, फक्त दशांशचिन्ह सरकलं. सगळ्यात जास्त फोन येतात ते क्रिएटिनिनचे. ‘तिकडे १.१ होतं, इथे आल्यावर ९७ झालं, किडनी गेली का?’ नाही गेली. ८८ ने भागा, तेच १.१ आहे. म्हणून आकडा कोणालाही पाठवताना त्याच्यापुढचं माप आणि कंसातली नॉर्मल मर्यादा कापू नका. स्क्रीनशॉट पूर्ण काढा. चॅटजीपीटीला विचारणार असाल तरी हेच.

४० ते ७४ वयाच्या मंडळींना इथे दर पाच वर्षांनी तपासणीला बोलावतात. त्यात ‘क्यूरिस्क १२ टक्के’ असं काहीतरी हाती येतं. याचा अर्थ हृदय १२ टक्के खराब आहे असा बिलकुल नाही. तुमच्यासारखी १०० माणसं एका हॉलमध्ये बसवली, तर येत्या दहा वर्षांत त्यातल्या १२ जणांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊ शकेल, ८८ जणांना नाही. आपण कोणत्या १०० मध्ये बसतो हे ठरवताना भारतीय वंशाचाही हिशोब धरतात, कारण आपल्याकडे धोका मुळात जास्त. १० च्या वर गेलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीचा विषय निघतो. घ्यायची की नाही, हे १२ कडे बघून ठरवायचं की ८८ कडे, यावर डॉक्टरांशी बोलता येतं. पण आधी आकडा कळला तर.

डॉक्टरांना हे कळत नाही असं नाही. २०१८ मध्ये इथल्या वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीने हॉस्पिटलच्या डॉक्टरांना सुचवलं, की तपासणीनंतरचं पत्र जीपीला लिहून त्याची प्रत पेशंटला पाठवण्याऐवजी थेट पेशंटलाच लिहा, त्याला कळेल अशा भाषेत. बर्मिंगहॅमचे किडनीतज्ज्ञ डॉ. ह्यू रेनर तर २००५ पासूनच तसं लिहीत होते. अकादमीच्या सूचनेआधी, २०१५ मध्ये, ‘माँटगोमेरी’ खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं होतं, की पेशंटला समजणार नाही अशा तांत्रिक माहितीचा मारा करून आणि सही घेऊन डॉक्टरांचं कर्तव्य संपत नाही. एनएचएसची वेबसाइट आता लघवी आणि शौचाला लहान मुलांचे ‘पी’ आणि ‘पू’ हे शब्द मुद्दाम वापरते. काहींना ते पोरकट वाटतं. मला नाही वाटत. आपले जुने फॅमिली डॉक्टर ‘पोट साफ होतं का?’ एवढंच विचारायचे, त्यात कोणाचा मान गेला?

तरीही मला अजून जी पत्रं दाखवली जातात, त्यातली बरीच ‘या प्लेझंट गृहस्थांना पाठवल्याबद्दल आभार’ अशी जीपीलाच लिहिलेली असतात. गृहस्थ प्लेझंट आहेत हे आम्हाला माहीत आहे. गाठ कसली आहे ते सांगा.

उलट्या बाजूनेही अडचण आहे. इथे आलेल्या आईवडिलांना स्वतःचं दुखणं सांगता यायला हवं. ‘पित्त’ या एका शब्दाचं काय भाषांतर करणार? छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकं दुखणं आणि अंगावर उठणाऱ्या गांध्या, सगळं पित्तच. तेव्हा शब्द सोडा आणि काय होतं ते सांगा. याउलट चक्करच्या बाबतीत मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. ‘डिझी’ म्हटलं की डॉक्टरांना चार प्रश्न विचारावे लागतात. आपल्याकडे खोली गरगरते ते वेगळं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ते वेगळं, तोल जातो ते वेगळं. पहिल्याचा संबंध बहुधा कानाशी, दुसऱ्याचा रक्तदाबाशी. आई म्हणते तेच शब्दशः पोचवलं तर निम्मं निदान तिथेच होतं. मुलगा मात्र सगळ्याचं ‘शी फील्स डिझी’ करून मोकळा होतो.

खरं तर त्याने दुभाषा होऊच नये. दुभाषा एनएचएस फुकट देते, आधी मागावा लागतो, आणि घरच्यांना, विशेषतः लहान मुलांना, त्या कामाला लावू नये असं त्यांचंच मार्गदर्शन आहे. दीड लाखाहून जास्त वस्तीच्या या गावात जवळपास निम्मे लोक आशियाई, त्यामुळे पंजाबी, उर्दू सहज मिळते. मराठीचा फॉर्मवर पर्याय दिसत नाही म्हणून आपण ‘इंग्लिश चालेल’वर खूण करतो. सुनेसमोर सासूबाई अंगावरून जाण्याची तक्रार सांगणार का? मुलासमोर वडील लघवीचा त्रास सांगणार का? फोनवरचा अनोळखी मराठी दुभाषा अशा वेळी घरच्यांपेक्षा बरा.

शब्द माहीत नसल्याने लसही हुकते. इंग्लंडमध्ये ६५ व्या वर्षी आणि ७० ते ७९ वयात ‘शिंगल्स’ची लस मिळते. इथे कायमच्या राहणाऱ्या एका आजींनी ते पत्र दोनदा बाजूला ठेवलं, आपल्याला नाही तो आजार म्हणून. शिंगल्स म्हणजे नागीण! तोच कांजिण्यांचा विषाणू, वर्षानुवर्षं शरीरात दबा धरून उतारवयात पुन्हा उठतो. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, या गावाकडच्या समजुतीने आजी आयुष्यभर तिला घाबरत आलेल्या. ‘नागिणीची लस’ म्हटल्याबरोबर त्यांनी स्वतः फोन करायला लावला.

महाराष्ट्रात सध्या वैद्यकीय शिक्षण मराठीतून द्यावं का, ही चर्चा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला हिंदी पुस्तकं निघाली, मग आपल्याकडेही घोषणा झाल्या. पुस्तक कुठल्या भाषेत असावं यावर वाद घालता येईल. पण पेशंटला घरी सोडताना हातात पडणारं डिस्चार्ज कार्ड परभणीच्या शेतकऱ्यालाही इंग्रजीतच मिळतं, त्यावर वाद का होत नाही? त्यासाठी नवं पुस्तक नको, चार ओळी पुरतील : काय झालं होतं, काय केलं, कोणती गोळी केव्हा, आणि काय झालं तर लगेच परत या. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टाने वाचता येईल अशी चिठ्ठी हा पेशंटचा मूलभूत हक्क असल्याचं म्हटलं. अक्षर कळणं ही पहिली पायरी झाली, अर्थ कळणं ही दुसरी.

यासाठी शब्द शुद्ध मराठीच हवा असा माझा आग्रह नाही. ‘मूत्रपिंड’पेक्षा ‘किडनी’ आज जास्त घरांत कळते, तर किडनीच म्हणा. उलट कोरोनाच्या काळात वर्तमानपत्रांनी ‘सहव्याधी’ हा शब्द रोज छापला आणि महिनाभरात तो भाजीवाल्या मावशींच्या तोंडी आला. समोरच्याला कळलं का, याची परीक्षा सोपी आहे. डॉक्टरांचं बोलून झालं की आपणच म्हणावं, ‘मी जे समजलो ते माझ्या शब्दांत सांगतो, चुकलं तर थांबवा.’ इथले डॉक्टर त्याला बिलकुल रागवत नाहीत, त्यांनाही तेच हवं असतं.

आणि उन्हाळ्यात आईबाबा येणार असतील तर त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवरची बारीक अक्षरातली नावं आधीच उतरवून घ्या. ग्लायकोमेट इथे कोणाला कळणार नाही, मेटफॉर्मिन कळेल. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. सोबत किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, तेही. पाहुण्यांना जीपी आणि इमर्जन्सी विभागात तपासणी फुकट असली, तरी दाखल व्हायची वेळ आली तर बिल दीडपट दराने लागतं. त्यामुळे विम्याचा कागद आणि ही यादी एकाच पाकिटात ठेवा.